ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड: नवशिक्याची वसाहत तिसऱ्यांदा बुडाली, कुणी वाट दाखवेल का?

गंगापूर_रोडवासी | शनिवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

लेकाची परीक्षा संपली आणि त्यानं माझ्या लॅपटॉपवर हा गेम घालून दिला. "बाबा, तुम्हाला सारखं सगळ्यांचं नियोजन करायचं असतं ना, आता ह्यांचं करा." लघुग्रहाच्या पोटात एक यंत्र, त्यातून छापून निघालेली तीन माणसं, बाकी चहूकडे दगडमाती. गेममध्ये त्यांना डुप्लिकंट म्हणतात, लेक नुसतं डुप म्हणतो. खणा, हवा तयार करा, पिकवा, संडास बांधा, झोपायला खाटा टाका. ऑक्सिजन तुमचा तुम्ही बघा हे नावातच सांगून ठेवलंय.

तीन वसाहती बुडाल्या. पहिल्या दोन पोरखेळ होत्या, सोडून द्या. तिसरी मात्र जिवाला लागली. तेहेतिसाव्या सायकलपर्यंत (सायकल म्हणजे गेममधला एक दिवस) चौदा जण झाले होते, प्रत्येकाला खाट, भिंतीवर चित्रंसुद्धा. मग अल्गी, म्हणजे ते शेवाळ, संपत आलंय अशी सूचना आली. पाठोपाठ पाणी कमी, जेवण कमी. एकजण शिडीवरच ओकायला लागला, दुसरी ढसाढसा रडत बसली, तिसऱ्यानं वैतागून बॅटरी फोडली. सगळ्यात वाईट शेवट बघा. एकच उरला होता, आणि तो उंदराच्या चाकासारख्या त्या जनरेटरमध्ये धावत होता. कशासाठी, तर हवेचं यंत्र चालावं म्हणून. यंत्रात घालायला शेवाळ कणभर नव्हतं. मी बघत होतो आणि तो धावत होता.

रात्री दीड वाजता बायकोनं विचारलं, कोण गेलं? काय सांगणार?

माझं नेमकं कुठं चुकतंय?

द्राक्षबाग_दिंडोरी | रविवार, सकाळी ६:१०

चौदा जण घेतले कशाला भो?

गंगापूर_रोडवासी | रविवार, सकाळी ८:३५

ते यंत्र दर तीन सायकलींनी विचारतं ना, नवीन कोण हवंय म्हणून. मला वाटलं घ्यायलाच लागतं. शिवाय खणायला हात कमी पडत होते.

द्राक्षबाग_दिंडोरी | रविवार, दुपारी १:०५

घ्यायला लागत नाही. सगळ्यांना नको म्हणायचं बटण आहे. पुष्कळदा माणसाऐवजी वस्तूंचं पार्सलही देऊ करतं, ते घ्या. बियाणं घ्या, अल्गी घ्या, खाणं घ्या.

आमच्याकडं नवा प्लॉट लावायच्या आधी विहिरीला मे महिन्यात किती पाणी राहतं ते बघतात. तुम्ही एप्रिलमध्ये पाणी न बघता चौदा एकर लावलं.

मी ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीत या गेमला हातही लावत नाही. आता जरा उसंत आहे, तर रात्री तासभर. माझी चालू वसाहत २१० सायकलींची आहे आणि माणसं फक्त आठ.

हिशेबनीस | रविवार, दुपारी ४:२०

दिंडोरीकरांनी वर्मावर बोट ठेवलंय, त्याला आकडे जोडतो. हा गेम म्हणजे वहीखातं आहे, चित्रं फक्त वरवरची.

एक सायकल म्हणजे ६०० सेकंद. एक डुप सेकंदाला १०० ग्रॅम ऑक्सिजन ओढतो आणि सायकलला १००० किलोकॅलरी खातो. एवढं पाठ करा, बाकी सगळं त्यातून निघतं.

अल्गीवर चालणारं हवेचं यंत्र (डिफ्यूझर) सेकंदाला ५५० ग्रॅम अल्गी घेऊन ५०० ग्रॅम ऑक्सिजन देतं. म्हणजे एक यंत्र, पाच माणसं. तुमच्या चौदांना तीन यंत्रं लागणार आणि दर सायकलला जवळजवळ सव्वानऊशे किलो अल्गी. पाच जण असते तर ३३० किलो. तुमची अल्गी कुणी चोरली नाही, तुमच्याच माणसांनी श्वासावाटे संपवली.

आता पाणी कुठं गेलं ते सांगतो, पण आधी एक विचारतो. तुम्ही मश बार खायला घालत होता का?

गंगापूर_रोडवासी | रविवार, सायंकाळी ५:०२

हो! मीलवुडची वीस झाडं होती, ती पुरेनात, म्हणून मश बार. तुम्हाला कसं कळलं?

हिशेबनीस | रविवार, सायंकाळी ५:१५

सगळे तिथंच फसतात. एक मश बार म्हणजे ७५ किलो माती, ७५ किलो पाणी आणि ८०० किलोकॅलरी. चौदा जणांना निव्वळ मश बारवर पोसलं तर सायकलला साडेसतरा बार, म्हणजे तेराशे किलो पाणी. तुमच्या वीस झाडांनी त्यातला थोडा भार उचलला असेल, पण बाकीचं पाणी चिखलाच्या वड्या करण्यात गेलं.

मीलवुड त्या मानानं गरीब गाय. पाणी मागत नाही, दिवसाला दहा किलो माती खाते, तीन सायकलींत ६०० किलोकॅलरी देते. माणशी पाच झाडं. चौदा जणांना सत्तर लागली असती, तुमच्याकडं वीस होती. पाच जणांना पंचवीस झाडं लावा आणि मश बारचं यंत्र पहिल्या चारपाच दिवसांनंतर मोडून टाका.

सिडको_काका | रविवार, रात्री ९:४०

बाहेर ४० डिग्री तापमान, धरणात पाणी किती उरलं ते रोज पेपरात येतंय, आणि इथं सुशिक्षित माणसं लघुग्रहावरच्या पाण्याची काळजी करतायत. धन्य आहे.

मिसळ_तर्री_जास्त | रविवार, रात्री ९:५२

काका आले. आता धागा शंभरी गाठतो.

तळघरातली | सोमवार, सकाळी १०:३०

मी एका वायनरीत काम करते. हा गेम मला कळला तो एकाच कारणामुळे: यात वायू आपापल्या वजनाप्रमाणे वरखाली बसतात. कार्बन डायऑक्साइड तळाला, हायड्रोजन छताला, ऑक्सिजन मधे.

आमच्याकडं द्राक्षरस आंबताना टाक्यांमधून कार्बन डायऑक्साइड निघतो. दिसत नाही आणि जमिनीलगत साचून राहतो. म्हणून फर्मेंटेशनच्या दिवसांत हवा खेचणारे पंखे खालच्या बाजूला चालवतात, आणि रिकाम्या टाकीतही मीटरनं तपासल्याशिवाय कुणी उतरत नाही. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतो.

गंगापूररोडवासी, तुमच्या खाटा कुठं होत्या? सगळ्यात खालच्या मजल्यावर ना?

गंगापूर_रोडवासी | सोमवार, सकाळी ११:१०

हो. 😐 म्हटलं खाली शांत राहील. रात्री मधेच उठून धापा टाकत वर पळायचे. मला वाटलं कुणाच्या घोरण्यानं उठतात.

तळघरातली | सोमवार, दुपारी १:४५

बरोबर उलटं करा. प्रत्येक डुप सेकंदाला दोन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो ओघळत खाली येतो. बेसच्या तळाशी एक खड्डा खणून ठेवा, तिथं तो साचू दे. झोपायच्या खोल्या मधल्या मजल्यांवर आणा.

या खड्ड्याचा आणखी एक उपयोग आहे. खाण्याचा डबा त्या वायूत ठेवला तर अन्न बरंच हळू नासतं, कारण गेमच्या हिशेबानं तिथली हवा निर्जंतुक. फ्रीजला वीजही नको. डुप श्वास रोखून खाली उतरतो, घास उचलतो आणि वर येतो. फक्त खड्डा एकदोन घरांपेक्षा खोल करू नका, नाहीतर बिचारे तिथंच घुटमळतात.

कृष्णाकाठचा_पाहुणा | सोमवार, दुपारी २:३०

अहो, हे तर पेव झालं! मी मूळ सांगलीचा, नोकरीनिमित्त अंबडला. आमच्याकडं हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खोल, तोंड अरुंद. हळदीला कीड लागायची नाही. पण पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी तोंड उघडं टाकायचं, मग कंदील सोडून बघायचं. कंदील विझला तर अजून थांबायचं. आजोबांकडून ऐकलेलं हे एखाद्या कॅनडाच्या कंपनीनं गेममध्ये घातलेलं बघून गंमत वाटली.

द्राक्षबाग_दिंडोरी | सोमवार, रात्री ८:१५

पाहुणे, झकास. अजून एक घ्या, कांद्याची चाळ. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, खालून फटी असतात, हवा खालून वर खेळते. या गेममध्ये भरीव फरशी टाकली की वायू अडतो. शिडीच्या आजूबाजूला आणि मजल्यांमध्ये थोड्या जाळीच्या फरश्या टाकल्या की घाण हवा आपोआप खाली जाते आणि चांगली सगळीकडं पसरते. पहिल्या वेळी मी सगळ्या खोल्या बंद पेटीसारख्या केल्या होत्या, कांदे सडावेत तशी माणसं सडली.

लाल_ग्रह | सोमवार, रात्री ११:०२

अवांतर. नवशिक्यांनी आधी सर्व्हायव्हिंग मार्स खेळावं असं माझं मत. २०१८ चा गेम आहे, बल्गेरियातल्या हेमिमाँट नावाच्या स्टुडिओचा. तिथं रॉकेटमधून आधी ड्रोन जातात. वीज, पाणी, ऑक्सिजन, घुमट, सगळं उभं राहिल्यावर मगच माणसं बोलवायची. पहिली तुकडी आली की दहा सोल, म्हणजे मंगळावरचे दहा दिवस, नीट जगून दाखवायला लागतं. तोवर पृथ्वीवरून दुसरी तुकडी पाठवत नाहीत. त्या दहा दिवसांत माणूस जी शिस्त शिकतो ती इथं तीन वसाहती बुडवून शिकावी लागते.

हिशेबनीस | सोमवार, रात्री ११:२०

मान्य, पण तिथं नळ जोडला की पाणी आलं. पाणी किती डिग्रीचं आहे हे कुणी विचारत नाही. इथली खरी मजा, आणि खरी डोकेदुखी, तापमानाची आहे. गंगापूररोडवासींना ती अजून भेटायची आहे.

गंगापूर_रोडवासी | बुधवार, रात्री १०:३०

अपडेट. चौथी वसाहत, सायकल ४१, माणसं सहा. सगळ्यांचे आभार. खाटा वर, खड्डा खाली, तीस मीलवुड. संशोधन करून पाण्याचे संडास बसवले. यंत्रानं कुणी देऊ केलं की आधी त्याचे गुणदोष वाचतो. काल एकजण आला होता, खणण्यात पटाईत. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, तोंडानं श्वास घेतो, म्हणजे ऑक्सिजन दुप्पट. एका पगारात दोन माणसांचा खर्च. नको म्हटलं. दुसरी भर कामात झोपणारी. तीही नको. घोरणारा एक मात्र घेतला, स्वयंपाक छान करतो. त्याची खाट लांब, वेगळ्या खोलीत टाकलीय.

घरी लेक म्हणाला, बाबा, तुम्ही लोकांना इतकं नाकारताना मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या याद्यांच्या वेळी ही अक्कल कुठं होती, हा प्रश्न स्वयंपाकघरातून आला.

सिडको_काका | बुधवार, रात्री १०:५५

पाण्याचे संडास म्हणजे काय, ड्रेनेज कुठं नेता?

मिसळ_तर्री_जास्त | बुधवार, रात्री १०:५६

काका!!! 😂

हिशेबनीस | बुधवार, रात्री ११:१०

काका, प्रश्न रास्त आहे. एका वापराला पाच किलो पाणी आत जातं आणि ११.७ किलो घाण पाणी बाहेर पडतं. ते गाळणी यंत्रात वाळूतून गाळून पुन्हा संडासाला जोडायचं. दर वेळी पावणेसात किलो पाणी शिल्लक राहतं.

सिडको_काका | गुरुवार, सकाळी ७:२०

पाच टाकून पावणेबारा? माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामावर गेली. आयुष्यभर गळतीच मोजली, वाढ कधी मोजली नाही. असं मीटर आम्हाला कुणी दिलं असतं तर सत्कार झाला असता.

पण एक सांगतो. गाळणं वेगळं आणि जंतू मारणं वेगळं. वाळूतून पाणी निवळतं, जंतू मरतातच असं नाही. तुमच्या गेममध्ये ते धरलंय का माहीत नाही. धरलं असेल तर ते पाणी पिण्याच्या टाकीत सोडू नका.

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी ९:०५

काका, दंडवत. गेममध्ये अगदी तसंच धरलंय. गाळणीतून निघालेल्या पाण्यात जंतू जसेच्या तसे राहतात. म्हणून संडासांची लाइन आपल्यातच गोल फिरवायची, पिण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या पाण्याला लावायची नाही. वाढलेलं पाणी वेगळ्या टाकीत घ्यायचं. हे कळायला मला अख्खी वसाहत पोटदुखीनं आडवी पडायला लागली होती.

तळघरातली | गुरुवार, सकाळी ९:३०

काका, आता गेम डाउनलोड करा.

सिडको_काका | गुरुवार, सकाळी ९:४४

नातू आला की बघू.

गंगापूर_रोडवासी | शनिवार, रात्री ९:१५

हिशेबनीस, तुमचा शाप लागला. सायकल ६८. हवा आहे, पाणी आहे, सहाच्या सहा खूश. आणि झाडं वाढायची थांबली. रोग नाही, मातीही आहे. झाडावर क्लिक केलं तर लिहून येतं की तापमान जास्त. ३१ डिग्री! नाशिकमध्ये त्याला गारवा म्हणतात.

द्राक्षबाग_दिंडोरी | शनिवार, रात्री ९:४०

मीलवुडला ३० च्या वर चालत नाही. शेजारी काय आहे? फोटो टाका.

गंगापूर_रोडवासी | शनिवार, रात्री ९:५८

फोटो टाकला. शेताच्या डाव्या भिंतीला लागून दोन कोळशाचे जनरेटर, त्यांच्या खाली चार बॅटऱ्या. वायर कमी लागावी म्हणून जवळ ठेवले होते.

हिशेबनीस | शनिवार, रात्री १०:३०

सापडलं. जनरेटरही तापतो आणि बॅटरीही. या गेममध्ये उष्णता कुठं नाहीशी होत नाही, तुम्ही बाहेर काढेपर्यंत आतच फिरत राहते. तेहेतिसाव्या सायकलला मरणारी वसाहत दिसते, ही मात्र हळूहळू मरते. नवशिक्याला कळतं तेव्हा पंधरावीस सायकलींची उष्णता भिंतींत मुरलेली असते.

आधी जनरेटर आणि बॅटऱ्या शेतापासून दूर न्या, शक्यतो बेसच्या खाली एका कोपऱ्यात. जनरेटर तिथं कार्बन डायऑक्साइडही सोडतात, तो तुमच्या खड्ड्याजवळच राहील. शेताच्या भोवती इन्सुलेटेड फरश्यांची भिंत. आणि नकाशात बर्फाळ भाग लागला असेल तर बर्फ खणून शेतात आणून ठेवा. तात्पुरतं आहे, पण दहापंधरा सायकली निभावतात. त्याच बर्फाळ भागात व्हीझवर्ट नावाची झाडं मिळतात, ती भोवतालची हवा थंड करतात. त्यांना मुळासकट आणा.

जाता जाता, वायर. साध्या वायरवर १००० वॅटच्या वर लोड टाकलात तर ती जळते. दोन जनरेटर एका वायरवर म्हणजे १२०० झाले.

द्राक्षबाग_दिंडोरी | शनिवार, रात्री १०:४२

थोडी दुरुस्ती. जनरेटर किती आहेत त्यानं वायर जळत नाही, एकावेळी चालणारी यंत्रं किती वॅट ओढतात त्यानं जळते. दोन जनरेटर चालतील, खेचणारं १००० च्या आत ठेवा.

हिशेबनीस | शनिवार, रात्री १०:५०

बरोबर, घाईत लिहिलं. मान्य.

सिडको_काका | रविवार, सकाळी ६:५०

नातवानं शुक्रवारी बसवून दिलं. माझे तिघेच आहेत आणि तिघेच राहणार. दिवस २९. हवेचा एकच पंखा... यंत्र, आणि तेही कधीकधी आपोआप बंद पडतं, कारण हवा पुरेशी आहे म्हणे. पंधरा झाडं.

प्रश्न: वरच्या बाजूला खणताना एक जागा लागली, तिथून वाफ येते. नातू म्हणतो तिचं नाव 'कूल' स्टीम व्हेंट. तापमान दाखवतंय ११०. याला कूल कुणी म्हटलं?

हिशेबनीस | रविवार, सकाळी ८:१५

काका, दुसऱ्या प्रकारच्या व्हेंटमधून ५०० डिग्रीची वाफ येते, त्या हिशेबानं ही कूल. तुमचं नशीब थोर आहे, ते कायमचं पाणी आहे. फक्त आत्ता उघडू नका! त्या खोलीला सगळीकडून इन्सुलेटेड फरश्या लावून बंद करा. पाणी गार करायची सोय झाली की मग.

सिडको_काका | रविवार, सकाळी ८:४०

उघडलं.

गंगापूर_रोडवासी | रविवार, सकाळी ८:४३

काका, खाटा कुठं आहेत?

सिडको_काका | रविवार, सकाळी ८:५१

बरोबर खाली. नातवाला उठवतो.